वेस्ट एल्क खाणीचे मिथेन निचरा रस्ते

वेस्ट एल्क खाणीचे मिथेन निचरा रस्ते हे अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील गनिसन परगण्यात, वेस्ट एल्क या भूमिगत कोळसा खाणीच्या माथ्यावरील डोंगराळ वनभूमीत बांधलेले व प्रस्तावित केलेले तात्पुरते रस्ते आहेत. खाणीतील स्फोटक मिथेन वायू बाहेर काढण्यासाठी जमिनीवरून विहिरी खोदाव्या लागतात. त्या विहिरींच्या जागेपर्यंत वेधनयंत्रे नेणे हा या रस्त्यांचा उद्देश होय. यांतील काही रस्ते 'सनसेट' या रस्ताविहीन वनक्षेत्रातून जाणार असल्यामुळे त्यांच्या परवानगीचा प्रश्न २०१२ नंतर वारंवार न्यायालयात गेला. भूमिगत कामगारांची सुरक्षितता, सरकारी वनांचे संरक्षण आणि हवामान बदलाच्या खर्चाची मोजदाद हे तीन प्रश्न या वादात एकत्र आले. त्यामुळे काही मैल लांबीच्या या कच्च्या रस्त्यांना अमेरिकेच्या पर्यावरणविषयक कायद्यात त्यांच्या आकाराच्या मानाने मोठे महत्त्व प्राप्त झाले.

भौगोलिक स्थान

वेस्ट एल्क खाण गनिसन नदीच्या 'नॉर्थ फोर्क' या उपनदीच्या खोऱ्यात, सॉमरसेट या लहान वस्तीजवळ आहे. खोऱ्याच्या खालच्या भागात पेओनिया व हॉचकिस ही गावे असून तेथे सफरचंद, पीच व चेरी यांच्या बागा आहेत. वरच्या भागात मेसाव्हर्डे या खडकसमूहातील कोळशाचे थर आढळतात. शेती व खाणकाम हे दोन्ही व्यवसाय या खोऱ्यात शतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी चालत आले आहेत.

खाणीचे प्रवेशद्वार खोऱ्याच्या तळाशी असले, तरी कोळशाचे पट्टे दक्षिणेकडील डोंगरांखाली पसरलेले आहेत. या डोंगरांचा मोठा भाग ग्रँड मेसा, अनकम्पाग्रे व गनिसन या एकत्रित प्रशासन असलेल्या राष्ट्रीय वनांत मोडतो. येथे अ‍ॅस्पेन, स्प्रूस व फर यांची वने आणि खुरट्या ओकची झुडपे आहेत. एल्क हरिण, काळे अस्वल आणि संरक्षित कॅनडा लिंक्स यांच्या दृष्टीने हा अधिवास महत्त्वाचा मानला जातो. सनसेट रस्ताविहीन क्षेत्राला लागूनच वेस्ट एल्क हा संरक्षित वन्यप्रदेश असून त्याला १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याचे संरक्षण आहे.

खाण माउंटन कोल कंपनी चालवते. ही कंपनी दीर्घकाळ आर्च कोल या उद्योगसमूहाची उपकंपनी होती. आर्च कोलने २०२० मध्ये आर्च रिसोर्सेस हे नाव धारण केले आणि जानेवारी २०२५ मध्ये कॉन्सॉल एनर्जीशी झालेल्या विलीनीकरणातून कोअर नॅचरल रिसोर्सेस ही कंपनी अस्तित्वात आली. खोऱ्यातील एल्क क्रीक व बोवी क्रमांक २ या खाणींचे उत्पादन २०१० च्या दशकात थांबले. त्यानंतर वेस्ट एल्क ही तेथील एकमेव चालू खाण उरली.

मिथेन निचऱ्याची गरज

कोळशाच्या थरांत व लगतच्या खडकांत मिथेन वायू साठलेला असतो. कोळसा कापला गेला आणि वरचा खडक भंगला की तो मोकळा होतो. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून अमेरिकी नियमांनुसार कामाच्या जागी मिथेन १ टक्क्यावर पोहोचताच विद्युत यंत्रे बंद करावी लागतात आणि १.५ टक्क्यावर कामगारांना तेथून बाहेर काढावे लागते. या धोक्याचा अनुभव या परिसराला आहे. १५ एप्रिल १९८१ रोजी कॉलोराडोतील रेडस्टोनजवळच्या डच क्रीक क्रमांक १ या खाणीत मिथेनचा स्फोट होऊन १५ खाणकामगार मृत्युमुखी पडले होते.

वेस्ट एल्कमध्ये लाँगवॉल पद्धतीने कोळसा काढला जातो. या पद्धतीत कोळशाचा एक लांबरुंद आयताकृती पट्टा आखला जातो आणि कापणीयंत्र त्याच्या एका बाजूने पुन्हा पुन्हा फिरत कोळसा कापते. कामगार व यंत्रे यांच्यावरचे छत जलशक्तीवर चालणाऱ्या आधारांनी तोलून धरलेले असते. कापणी पुढे सरकली की आधारही पुढे सरकतात आणि मागचे छत मुद्दाम कोसळू दिले जाते. कोसळलेल्या दगडांनी भरलेल्या या पोकळीला खाणकामात 'गोफ' म्हणतात. वरच्या थरांना तडे गेल्याने मिथेन गोफात जमा होतो आणि तेथून कामाच्या जागेकडे येऊ शकतो.

गोफातील वायू केवळ पंख्यांच्या हवेने पुरेसा विरळ होत नसेल, तर जमिनीवरून थेट गोफाच्या वरच्या भागापर्यंत विहिरी खोदल्या जातात. विहिरीच्या वरच्या भागात बंद पोलादी नळी बसवून ती सिमेंटने पक्की करतात. खालच्या भागातील नळीला छिद्रे असतात. तोंडाशी बसविलेल्या शोषकयंत्राने वायू वर ओढला जातो. पट्टा संपला आणि वायूचे प्रमाण घटले की विहीर सिमेंटने बुजवली जाते.

रस्त्याचे नियोजन

सामान्य डोंगरी रस्ता आखताना गाव, खिंड किंवा पूल ही ठिकाणे ठरलेली असतात आणि मधली वाट भूरचनेनुसार निवडता येते. मिथेन निचरा विहिरींच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. विहिरीची जागा भूगर्भातील पट्टा ठरवतो. विहीर पट्ट्यावर नेमक्या स्थानी नसेल, तर तिला पुरेसा वायू मिळत नाही. त्यामुळे वर कडा आहे, ओढा आहे की जुने वन आहे, यावर विहिरीचे स्थान फार थोड्या प्रमाणात बदलता येते. नियोजकाच्या हाती उरते ती एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंतची वाट. वेधनयंत्र तिरके लावून एकाच जागेवरून अनेक विहिरी खोदल्यास रस्त्यांची लांबी कमी होऊ शकते. मात्र खोली, खडकाचे स्वरूप आणि छत कोसळताना होणारी हालचाल यांमुळे या उपायाला मर्यादा येतात.

वेळेचे बंधनही तितकेच कडक असते. कापणीयंत्र विहिरीखाली पोहोचण्यापूर्वी ती तयार असावी लागते. दुसरीकडे या उंचीवर वर्षाचा मोठा काळ बर्फ असतो आणि बर्फ वितळल्यावर काही आठवडे चिखल राहतो. प्रत्यक्ष बांधकामासाठी उन्हाळा व शरदाचा प्रारंभ एवढाच काळ मिळतो. परवानगीला एका हंगामाचा उशीर झाला, तर भूगर्भातील कामाचा क्रम बदलावा लागतो किंवा कापणी थांबवावी लागते. कंपनी घाई का करते आणि विरोधक स्थगितीसाठी तातडीने न्यायालयात का जातात, याचे स्पष्टीकरण या वेळापत्रकात मिळते.

रस्त्याची रुंदी वेधनयंत्र, नळ्यांची वाहने व पाण्याचे टँकर यांवर ठरते. वळणांचा व्यास आणि चढ सर्वांत मोठ्या वाहनाला झेपेल इतका ठेवावा लागतो. उतारावर एका बाजूला खोदाई व दुसऱ्या बाजूला भराव केला जातो. या खोऱ्यातील शेलयुक्त माती ओली झाल्यावर घसरते. त्यामुळे जुनी भूस्खलने ओळखून ती टाळणे, भरावाचा पायथा भक्कम करणे आणि पाणी रस्त्यावर साचू न देणे ही आखणीतील मुख्य कामे ठरतात. ओढे शक्यतो काटकोनात ओलांडले जातात आणि तेथे पुरेशा आकाराच्या मोऱ्या घातल्या जातात. ठरावीक अंतरावर पाणी बाजूला वळविणारे उथळ चर काढले जातात. प्रत्येक विहिरीजवळ यंत्र उभे करण्यासाठी सपाट जागा करावी लागते आणि वेधनातील गाळासाठी खड्डा लागतो.

रस्ता तात्पुरता असल्याने तो मोडण्याची तयारी बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. वरची सुपीक माती वेगळी काढून तिचे ढीग राखले जातात. काम संपल्यावर मोऱ्या काढून उताराला मूळ आकार दिला जातो, राखलेली माती पसरून स्थानिक वनस्पतींचे बी पेरले जाते आणि वाट वाहनांसाठी बंद केली जाते. गवत व झुडपे काही वर्षांत परत येऊ शकतात. परिपक्व वन परतण्यास मात्र अनेक दशके लागतात. 'तात्पुरता' या शब्दावरील मतभेद येथेच सुरू होतो. वनसेवा व कंपनी यांच्या दृष्टीने तो शब्द वापराचा कालावधी दर्शवतो, तर विरोधक जमिनीवर राहणाऱ्या खुणेचा कालावधी मोजतात.

परवानग्यांची साखळी

वेस्ट एल्कच्या माथ्यावरील रस्त्याला एकच एक परवाना नाही. जमीन, कोळसा, खाणकाम व सुरक्षितता यांवर निरनिराळ्या संस्थांचा अधिकार असल्याने पुढील टप्पे पार करावे लागतात.

खाणपट्टा: भूगर्भातील सरकारी कोळसा १९२० च्या खनिज पट्टा कायद्यानुसार भाडेपट्ट्याने दिला जातो. पट्टा देण्याचा अधिकार भूव्यवस्थापन विभागाकडे आहे. चालू पट्ट्याला लागून थोडी जमीन जोडावयाची असेल, तर लिलाव न करता पट्ट्यात बदल करता येतो. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने अशा बदलाची कमाल मर्यादा १६० एकरांवरून ९६० एकर केली.

वनसेवेची संमती: माथ्यावरील जमीन राष्ट्रीय वनात असल्यास पट्ट्याला वनसेवेची संमती लागते. माती, पाणी, वन्यजीव व दृश्यसौंदर्य यांच्या रक्षणासाठी ती अटी घालू शकते. रस्ताविहीन क्षेत्र असल्यास त्याचा स्वतंत्र नियमही लागू होतो.

पर्यावरणीय परिणाम अहवाल: राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार मोठे परिणाम संभवणाऱ्या प्रत्येक केंद्रीय निर्णयापूर्वी असा अहवाल तयार करावा लागतो. त्यात प्रस्ताव, त्याचे पर्याय व परिणाम मांडले जातात. मसुद्यावर जनतेच्या हरकती घेऊन अंतिम अहवाल व निर्णयपत्र प्रसिद्ध होते. हा कायदा विशिष्ट निर्णय घेण्यास भाग पाडत नाही. निर्णयापूर्वी परिणामांचा गांभीर्याने विचार केला पाहिजे, एवढीच त्याची मागणी असते.

खाणकाम परवाना: १९७७ च्या पृष्ठभागीय खाणकाम नियंत्रण कायद्यानुसार भूमिगत खाणीचे जमिनीवर होणारे परिणामही नियंत्रित होतात. कॉलोराडोत हे काम राज्याचा पुनर्स्थापना, खाणकाम व सुरक्षा विभाग करतो. रस्ता व विहिरी परवान्याच्या नकाशात दाखवाव्या लागतात, जमीन पूर्ववत करण्याची हमी रक्कम भरावी लागते आणि त्या जागी प्रवेश करण्याचा कायदेशीर अधिकार सिद्ध करावा लागतो. सरकारी कोळशासाठी खाण आराखड्याला केंद्रीय अंतर्गत व्यवहार खात्याची मान्यता आवश्यक असते.

खाण सुरक्षा: वायुवीजन आराखड्याला खाण सुरक्षा व आरोग्य प्रशासनाची मान्यता लागते. मिथेन जाळावयाचा किंवा नळीने अन्यत्र न्यावयाचा असेल, तरी या संस्थेची संमती घ्यावी लागते.

इतर मान्यता: संकटग्रस्त प्रजाती कायद्यान्वये लिंक्ससारख्या प्रजातींबाबत सल्लामसलत, ओढ्यांत भराव घालण्यासाठी स्वच्छ जल कायद्याखालील परवानगी आणि पुरातत्त्वीय स्थळांची पाहणी यांचा या गटात समावेश होतो.

या साखळीतील प्रत्येक दुवा मागच्या दुव्यावर टांगलेला असतो. मागील निर्णय न्यायालयाने रद्द केला, तर त्याच्या आधारे दिलेल्या पुढील परवानग्यांचे काय, असा प्रश्न उभा राहतो. वेस्ट एल्कच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्षात उद्भवला.

रस्ताविहीन क्षेत्र नियम

जानेवारी २००१ मध्ये, क्लिंटन प्रशासनाच्या अखेरच्या दिवसांत, वनसेवेने राष्ट्रीय वनांतील सुमारे ५.८५ कोटी एकर (सुमारे २.३७ कोटी हेक्टर) रस्ताविहीन भूमीवर नवे रस्ते बांधण्यास व बहुतांश वृक्षतोडीस बंदी घालणारा नियम केला. त्यावर अनेक दावे झाले. या अनिश्चिततेच्या काळात कॉलोराडोने आपल्यापुरता स्वतंत्र नियम मागितला आणि कॉलोराडो रस्ताविहीन क्षेत्र नियम जुलै २०१२ मध्ये अमलात आला. त्याखाली सुमारे ४२ लाख एकर (सुमारे १७ लाख हेक्टर) वनभूमी येते.

या नियमात नॉर्थ फोर्क कोळसा खाण क्षेत्रासाठी एक अपवाद ठेवण्यात आला. सनसेट, फ्लॅटआयर्न्स व पायलट नॉब या तीन रस्ताविहीन क्षेत्रांतील मिळून सुमारे १९ हजार एकर (सुमारे ७,७०० हेक्टर) भूमीवर कोळशाचा शोध व कोळशाशी संबंधित पृष्ठभागीय कामे यांसाठी तात्पुरते रस्ते बांधण्यास मुभा देण्यात आली. मिथेन विहिरींचे काम यातच मोडते. मिथेन गोळा करण्यासाठी हेच रस्ते वापरता येतील आणि त्यासाठीच्या पुरलेल्या नळ्या अशा रस्त्यांच्या पट्ट्यातच घालाव्या लागतील, अशी तरतूदही नियमात होती. वायू साठविण्याच्या निमित्ताने वनात आणखी रस्ते निघू नयेत, हा तिचा परिणाम होता.

अपवादाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. रस्ताविहीन क्षेत्राखालील कोळशाचा पट्टा कागदोपत्री देता येत असे. परंतु माथ्यावर विहिरी खोदता येत नसतील, तर वायुयुक्त थरात लाँगवॉल कापणी सुरक्षितपणे करता येत नाही. म्हणजे कोळसा काढता येईल की नाही हे रस्त्याच्या परवानगीवर ठरत होते.

न्यायालयीन वाद

२०१४ चा निकाल

वेस्ट एल्कच्या दोन पट्ट्यांत मिळून सुमारे १,७२० एकर (सुमारे ६९६ हेक्टर) भूमी जोडण्यास वनसेवेने २०१२ मध्ये संमती दिली आणि त्यानंतर भूव्यवस्थापन विभागाने मान्यता दिली. या क्षेत्रासाठी सुमारे साडेसहा मैल (सुमारे १०.५ किलोमीटर) रस्ते व ४८ विहिरींच्या जागा लागतील, असा अंदाज मांडण्यात आला होता. त्याच सुमारास सनसेट क्षेत्रातील शोधवेधनाचा आराखडाही मंजूर झाला. हाय कंट्री कॉन्झर्व्हेशन अ‍ॅडव्होकेट्स ही स्थानिक संस्था व तिच्या सहकारी संघटनांनी हे निर्णय आणि त्यांचा आधार असलेला अपवाद यांना आव्हान दिले.

२७ जून २०१४ रोजी कॉलोराडोच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश आर. ब्रुक जॅक्सन यांनी वादी संघटनांच्या बाजूने निकाल दिला. पट्टाबदलाच्या अहवालाच्या मसुद्यात 'कार्बनचा सामाजिक खर्च' या मापनाचा उपयोग करण्यात आला होता. एक टन कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाने समाजाचे किती नुकसान होते, याचा हा पैशांतील अंदाज असतो. अंतिम अहवालातून ही मोजदाद वगळण्यात आली. रोजगार, स्वामित्वधन व इतर आर्थिक लाभांचे आकडे मात्र कायम राहिले. लाभ मोजणे आणि खर्च मोजता येत नाही असे म्हणणे, ही विसंगती न्यायालयाला मान्य झाली नाही. येथील कोळसा निघाला नाही तर तितकाच कोळसा दुसरीकडून येईल, म्हणून एकूण उत्सर्जनात फरक पडणार नाही, हा युक्तिवादही न्यायालयाने स्वीकारला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये नॉर्थ फोर्क अपवाद, पट्टाबदल व शोध आराखडा हे तिन्ही रद्द करण्यात आले.

केंद्रीय कोळसा निर्णयातील हवामानविषयक खर्चाबाबत हा निकाल पुढे अनेक खटल्यांत आधार म्हणून मांडला गेला. न्यायालयाने रस्ता बांधण्यास कायमची मनाई केली नव्हती. संस्थांना पुन्हा अभ्यास करून नवा निर्णय घेण्याची मोकळीक होती.

अपवादाची पुनःस्थापना

वनसेवेने पूरक अहवाल तयार केला आणि त्यात उत्सर्जनाचा व कार्बनच्या सामाजिक खर्चाचा हिशेब समाविष्ट केला. अपवादामुळे सुमारे १७.२ कोटी टन कोळसा उपलब्ध होईल, असा अंदाज त्यात होता. डिसेंबर २०१६ मध्ये अपवाद पुन्हा लागू झाला. त्याच वर्षी जानेवारीत आर्च कोल कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता आणि ऑक्टोबरमध्ये ती त्यातून बाहेर पडली होती. पुढे २०१७ मध्ये पट्टाबदलाचा पूरक अहवालही पूर्ण झाला आणि वनसेवेने पुन्हा संमती दिली. संघटनांनी या निर्णयांनाही आव्हान दिले, परंतु २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने ते फेटाळले.

अपील न्यायालयाचा निकाल

२ मार्च २०२० रोजी दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दोन प्रश्नांवर दोन वेगळी उत्तरे दिली. पहिला प्रश्न अपवादाच्या विस्ताराचा होता. पायलट नॉब क्षेत्र अपवादातून वगळावे, असा पर्याय संघटनांनी सुचवला होता. वनसेवेने तो सविस्तर अभ्यासाविना बाजूला सारला होता. खाणकामाला दीर्घकालीन वाव मिळावा हा नियमाचा हेतू त्या पर्यायाने साधत नाही, असे तिचे म्हणणे होते. एका क्षेत्राला वगळूनही उरलेल्या क्षेत्रांत मोठा वाव राहतो, म्हणून हे कारण पटण्याजोगे नाही, असे ठरवून न्यायालयाने अपवाद रद्द करण्याचा आदेश दिला.

दुसरा प्रश्न मिथेन जाळण्याचा होता. विहिरींतून निघणारा वायू हवेत सोडण्याऐवजी जाळावा, या पर्यायाचा सविस्तर अभ्यास पट्टाबदलाच्या टप्प्यावर न करणे न्यायालयाने वैध मानले. त्यामुळे पट्टाबदलाचा निर्णय टिकला आणि माथ्यावर रस्त्याला मुभा देणारा अपवाद मात्र पडला.

२०२० मधील रस्ता

जिल्हा न्यायालयाने १५ जून २०२० रोजी अपवाद रद्द करणारा औपचारिक आदेश काढला. मार्चमधील निकाल व हा आदेश यांच्या मधल्या काळात, बर्फ वितळून बांधकामाचा हंगाम सुरू होताच, कंपनीने सनसेट क्षेत्रात बुलडोझर लावून सुमारे एक मैल (१.६ किलोमीटर) रस्ता काढला आणि वेधनासाठी जागा मोकळ्या केल्या.

कंपनीची भूमिका अशी होती की, अपवाद लागू असताना तिला पट्ट्याचे वैध अधिकार मिळाले असून नंतर अपवाद रद्द झाल्याने ते संपत नाहीत. संघटनांच्या मते, रस्त्याला मुभा देणारा नियमच उरला नसेल तर रस्ताविहीन क्षेत्रात बांधकामाचा अधिकारही उरत नाही. राज्याच्या खाणकाम विभागाने त्या भूमीवर प्रवेश करण्याच्या अधिकाराचा प्रश्न उपस्थित करून कंपनीला काम थांबविण्याचा आदेश दिला. परवान्याच्या अर्जातील एरवी औपचारिक वाटणारी 'प्रवेशाधिकार' ही बाब येथे निर्णायक ठरली. मधल्या साडेतीन महिन्यांत तयार झालेला रस्ता न्यायालयाच्या आदेशाने नाहीसा होणार नव्हता. झाडे तुटली होती आणि उतार कापला गेला होता.

पर्याय

रस्त्यांची गरज कमी करण्यासाठी किंवा त्यांतून निघणाऱ्या वायूचा परिणाम घटविण्यासाठी पुढील पर्याय चर्चेत आले आहेत.

भूगर्भातून निचरा: कोळसा कापण्यापूर्वी खाणीच्या आतून थरात आडव्या विहिरी खोदून वायू आधीच काढता येतो. यासाठी माथ्यावर रस्ता लागत नाही. तथापि, छत कोसळल्यावर वरच्या थरांतून गोफात येणारा वायू या उपायाने पूर्णपणे आवरत नाही.

वायू जाळणे: मिथेन हा शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो आणि वीस वर्षांच्या कालावधीत हे प्रमाण ८० पटींहून अधिक भरते. जाळल्यावर त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होत असल्याने परिणाम बराच घटतो. मात्र स्फोटक वायूच्या तोंडाशी ज्योत असल्याने ज्वाला विहिरीत उलट शिरणार नाही, अशी सुरक्षा यंत्रणा आवश्यक असते.

वायूचा उपयोग: याच खोऱ्यातील एल्क क्रीक खाणीच्या मिथेनवर चालणारा ३ मेगावॉट क्षमतेचा वीजप्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. त्यात ॲस्पेन स्कीइंग कंपनीचा सहभाग होता. बर्फावरील खेळांच्या व्यवसायाने हवामानाच्या कारणास्तव कोळसा खाणीशी भागीदारी केल्याचे हे उदाहरण पुष्कळ चर्चिले गेले.

काम न करणे: प्रत्येक पर्यावरणीय अहवालात प्रस्ताव न राबविण्याचा पर्याय तपासावा लागतो. येथे त्याचा अर्थ रस्ताविहीन क्षेत्राखालील कोळसा तसाच ठेवणे असा होतो. त्यामुळे वन व हवामान यांवरील परिणाम टळतात, परंतु खाणीचे आयुष्य घटते आणि खोऱ्यातील रोजगार व स्थानिक कर यांवर परिणाम होतो.

जाळणे व वापरणे या पर्यायांनी वायूचा प्रश्न सुटला, तरी विहिरीपर्यंत रस्ता लागतोच. उलट नळ्या व यंत्रे यांसाठी तो अधिक काळ टिकवावा लागू शकतो. वन वाचविणे आणि हवामान वाचविणे ही दोन उद्दिष्टे त्यामुळे प्रत्येक वेळी एकाच पर्यायाने साधतात असे नाही.

नंतरच्या घडामोडी

पर्यावरणीय अहवालांची चौकट पुढील काळात बदलली. २०२३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने परिणाम अहवालाला सर्वसाधारणपणे १५० पृष्ठांची व दोन वर्षांची मर्यादा घातली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ईगल परगण्याशी संबंधित एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात असे ठरविले की, अशा अहवालांची तपासणी करताना न्यायालयांनी प्रशासकीय संस्थांच्या निर्णयाला मोठा मान द्यावा आणि मूळ प्रकल्पापासून स्वतंत्र असलेल्या इतर प्रकल्पांचे परिणाम तपासण्याची सक्ती संस्थांवर नाही. जून २०२५ मध्ये कृषी खात्याने २००१ चा रस्ताविहीन क्षेत्र नियम मागे घेण्याचा मनोदय जाहीर केला. कॉलोराडो व आयडाहो या राज्यांचे स्वतंत्र नियम त्या प्रस्तावाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

महत्त्व

वेस्ट एल्कच्या रस्त्यांचा वाद दोन कारणांनी उल्लेखनीय मानला जातो. पहिले कारण हवामान कायद्यातील आहे. प्रकल्पाचे लाभ पैशांत मोजणाऱ्या संस्थेला त्याच्या हवामानविषयक खर्चाकडे दुर्लक्ष करता येत नाही, हे तत्त्व २०१४ च्या निकालाने ठळकपणे मांडले. दुसरे कारण नियोजनाच्या क्रमाशी संबंधित आहे. भूगर्भातील पट्टा आखला गेला की विहिरींच्या जागा ठरतात, विहिरी ठरल्या की रस्ता ठरतो आणि कापणी सुरू झाल्यावर कामगारांच्या सुरक्षिततेसाठी रस्ता नाकारणे अवघड होते. रस्त्याचा खरा निर्णय त्यामुळे पहिला बुलडोझर येण्याच्या पुष्कळ आधी, पट्टा देण्याच्या व नियमात अपवाद ठेवण्याच्या टप्प्यावर होतो. २०२० मध्ये या टप्प्यांपैकी एक टिकला व दुसरा पडला, तेव्हा मधल्या काळात बांधलेला एक मैलाचा रस्ता दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाचा विषय बनला.

हेही पाहा

कोळसा खाणकाम
मिथेन
हवामान बदल
पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन
कॉलोराडो